‘त्यात काय’ची खुर्ची

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद आहे की खालून कोणी येत असेल तर वरच्याने थांबायचं. मला तो आवडतो. थांबणारी बहुतेक वेळा मीच असते, आणि समोरचा माणूस निघून जाईपर्यंत भिंतीकडे बघत उभं राहिलं की काही बोलावं लागत नाही. खालच्या दुकानात गिऱ्हाईक पातेलं घेण्याआधी ते वाजवून बघतं. तो टण्ण आवाज आमच्या फरशीतून वर येतो, दिवसभर. पहिले काही महिने मी दचकायचे. आता भांडं जाड आहे की पातळ हे मला नुसत्या आवाजावरून कळतं, असं मला वाटतं. खाली जाऊन कधी खात्री केलेली नाही.

वर आम्ही पेटंटचं काम करतो. नातेवाइकांना असं सांगितलं की ते विचारतात, “औषधाचं का?” आणि मी “हो, तसंच काहीतरी,” म्हणून विषय संपवते. खरं तर माझ्याकडे वायरलेसच्या फायली येतात. मोबाइल, अँटेना, सेन्सर, जे काही हवेतून एकीकडून दुसरीकडे जातं ते सगळं. मी टेलिकॉमची इंजिनिअर आहे आणि पेटंट एजंटची परीक्षाही पास झाले आहे, पण ही दुसरी गोष्ट मी कुणाला फारशी सांगत नाही, कारण मग पुढचे प्रश्न येतात.

कोणी म्हणालं की मी काहीतरी नवीन शोधलंय, तर जगभरातले जुने कागद धुंडाळून ते खरंच नवीन आहे का, हे आधी बघायचं. हा भाग सोपा. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा. नवीन असेलही, पण ते सहज सुचण्यासारखं होतं का? त्या धंद्यातल्या एखाद्या जाणकाराला ते आपसूक सुचलं असतं, तर पेटंट मिळत नाही.

हा जाणकार प्रत्यक्षात कुठेच नसतो. कायद्याने तो कल्पिलेला आहे. त्याने आपल्या विषयातला प्रत्येक कागद वाचलेला असतो, प्रत्येक यंत्र त्याला चालवता येतं, फक्त नवीन कल्पना म्हणून त्याला कधी सुचत नाही. आमचे सर त्याला ‘हुशार पण सरळ’ म्हणतात. मी त्याला डोळ्यांपुढे आणायचे तेव्हा चौकड्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि कपाळावर एक आठी दिसायची. तो कुणासारखा तरी दिसतो असं मला नेहमी वाटायचं, पण कुणासारखा ते आठवायचं नाही.

सरांनी ऑफिसात एक रीत पाडलेली आहे. शनिवारी दुपारी चहा झाला की आठवड्यातली सगळ्यात अवघड फाइल बाहेर काढायची. खिडकीपाशी एक वेताची खुर्ची आहे. तिच्यात जो बसेल त्याने शोध कितीही भारी असला तरी “त्यात काय एवढं!” म्हणायचं आणि जुन्या कागदांवरून ते पटवून द्यायचं. समोरच्या लोखंडी खुर्चीवरच्याने शोधाची बाजू घ्यायची. मी नोकरीला लागले तेव्हापासून वेताची खुर्ची माझी आणि लोखंडी सरांची. हे कुणी ठरवलं नव्हतं. नाही म्हणायला पुढे यावं लागत नाही, मागे टेकून म्हणता येतं, म्हणून मला ती जागा मानवली. आणि मी त्यात चांगली होते. माझ्या एका अहवालानंतर वाळूजचे एक उद्योजक सरांना म्हणाले होते, “तुमची ती पोरगी बोलत काही नाही, पण लिहिते असं की माणूस पाणी मागत नाही.” सरांनी ते मला सांगितलं तेव्हा मी खाली बघितलं, पण घरी जाताना रिक्षात मला हसू येत होतं.

गेल्या उन्हाळ्यात पडेगावचे काका आले. त्यांना काका म्हणावं की सर म्हणावं यावर मी जिन्यात त्यांच्यासाठी थांबले असतानाच विचार केला होता. ते चाळिशी ओलांडलेले, डिप्लोमा झालेले, वाळूजला बरीच वर्षं नोकरी करून आता दौलताबाद रोडला स्वतःच्या शेडमध्ये मोटरीचे स्टार्टर बनवणारे. भाऊ अजून गावाकडे शेती करतात. काका जिना चढतानाच बोलायला लागले होते आणि खुर्चीत बसेपर्यंत त्यांचं अर्धं सांगून झालं होतं.

“मॅडम, आख्ख्या जगात असं नाय. तुम्ही हुडकून बघा. अमेरिकेत नाय, जपानमधी नाय. मी नेटवर लई बघितलं.”

त्यांचा शोध असा होता. गावाकडे शेतीच्या मोटरींना थ्री-फेजची लाइट ठरावीक वेळीच येते. ती आली की मोटरी आपोआप सुरू होतात, आणि ज्या विहिरीत पाणी नाही तिची मोटर कोरडी फिरून जळते. म्हणून काकांनी प्रत्येक विहिरीवर एक छोटी पेटी बसवली. तिने पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि रेडिओवरून गावातल्या मुख्य पेटीला कळवायचं. मग कुठली मोटर चालवायची ते मुख्य पेटी ठरवणार. अडचण एकच होती. लाइट आली की सगळ्या पेट्या एकाच क्षणी जाग्या होतात आणि सगळ्या एकदम बोलतात. वर्गात बाईंनी “कोण सांगेल?” विचारल्यावर सगळी मुलं एकदम ओरडली की जसं काहीच ऐकू येत नाही, तसं मुख्य पेटीचं होतं.

काकांचा उपाय वाचून मी पान मागे उलटून पुन्हा वाचलं होतं. त्यांच्या पेटीने पातळी सांगायचीच नाही. लाइट आली की पाणी जितकं खोल तितका वेळ गप्प बसायचं, आणि मग फक्त आपला नंबर पाठवायचा, टिकलीएवढा संदेश. मुख्य पेटीही त्याच लाइटवर, त्याच क्षणी जागी झालेली असते. चार नंबर किती वेळाने बोलला यावरून चार नंबरच्या विहिरीत पाणी किती खोल आहे ते तिला कळतं. दोघांचं पाणी सारखंच असलं तर गोंधळ नको, म्हणून नंबराप्रमाणे किंचित फरक ठेवलेला. किती वेळ गप्प बसलं यातूनच सगळं सांगायचं. हे मला आवडलं, पण आवडणं हा माझ्या कामाचा भाग नाही.

पेटंट ऑफिसने हरकत घेतली होती. अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरने दोन जुने कागद काढले होते. पहिल्यात लाइट आल्यावर एकदम जाग्या होणाऱ्या यंत्रांनी फासे टाकल्यासारखं, कुणी कितीही वेळ थांबून बोलायचं, म्हणजे धडक होत नाही. दुसऱ्यात मुख्य यंत्र हाक मारतं आणि बाकीची आपापल्या मोजमापाप्रमाणे उशिराने ओ देतात. एक्झामिनरचं म्हणणं, हे दोन शेजारी ठेवा, झाला काकांचा शोध. त्यात काय एवढं!

लेखी उत्तर आधीच्या एजंटाने देऊन झालं होतं आणि ते पटलं नव्हतं. आता हिअरिंगची तारीख आली होती. तिथे कंट्रोलर, म्हणजे निकाल देणारा अधिकारी, ऐकून घेणार आणि ठरवणार.

“आणि नाय म्हणले तर?” काकांनी विचारलं.

“मग अवघड आहे,” सर म्हणाले.

काकांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. वाळूजची एक पंपाची कंपनी पेट्या बनवायला तयार होती, पण पेटंट असेल तरच. नसेल तर हे कुणीही बनवू शकतं, मग काकांना कशाला धरतील? आणि दुसरी एक गोष्ट होती. ती त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितली.

“अर्ज भरला ना, त्याच दिवशी मी गावात पेढे वाटले. मला वाटलं भरला म्हणजे मिळालं. भाऊ रोज विचारतो, पत्र आलं का? काय सांगू त्याला?”

सर हसले नाहीत. अर्ज भरल्यावर पेढे वाटणारे आमच्याकडे बरेच येतात.

शनिवारी चहा झाला आणि मी वेताच्या खुर्चीत बसले. मुद्दे तयार होते. पहिला कागद, दुसरा कागद, मधला पूल. दहा मिनिटांत मी काकांचा शोध उभा चिरला. सर ऐकत होते. खाली कुणीतरी डबे वाजवत होतं.

“सहज सुचण्यासारखं आहे म्हणतेस?”

“हो सर.”

“हे कधी ठरवलंस?”

“वाचतानाच लक्षात आलं.”

“आधी काय वाचलंस?”

“काकांचा अर्ज.”

“आणि जुने कागद?”

“त्याच्यानंतर.”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून माझ्यासमोर उभे राहिले. “ऊठ. आजपासून वेताची माझी. हिअरिंगला तू बोल.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सर म्हणाले, हिअरिंग व्हिडिओवर असतं, आणि त्याच वेळेला त्यांचं दुसरं आहे, आतल्या खोलीत. “आणि तुला खरंच पटत नसेल तर जबरदस्ती नाही. काकांना फोन कर आणि सांग, की तुमच्या बाजूने बोलण्यासारखं काही नाही. तेही तूच करायचं.”

सर मला ओळखतात. फोन करणं मला हिअरिंगपेक्षा अवघड. मी अजूनही डिलिव्हरीवाल्याला मेसेज पाठवते, की गेटपाशी ठेवा. काकांना फोन करून असं सांगायचं, आणि त्यांनी “बरं मॅडम” म्हणायचं, हे मी दोनदा मनात करून बघितलं. दोन्ही वेळा मला ते “बरं मॅडम” सहन झालं नाही.

रविवारी सकाळी आई थालीपिठं लावत होती. मला मोठ्याने विचार करायची सवय नाही, पण त्या दिवशी सगळं तिला सांगितलं. विहिरी, पेट्या, लाइट, गोंधळ, आणि गप्प बसून पातळी सांगण्याची युक्ती. आमचं शिक्षण इंग्रजीत झालेलं, त्यामुळे कामाचं मराठीत सांगताना मी अडखळते, पण त्या दिवशी नीट सांगितलं गेलं. आईने थालीपीठ उलटलं.

“त्यात काय एवढं!”

“म्हणजे?”

“अगं, नळ आले की आपल्या गल्लीत तेच नाय का होत? ज्याची टाकी रिकामी तो पळत जाऊन मोटर लावतो. ज्याची भरलेली तो आरामात लावतो. मोटरीच्या आवाजावरून मला घरबसल्या कळतं, कुणाच्या टाकीत किती पाणी आहे. मला तर पहिल्यापासून कळतं.”

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि नक्की कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. आलं की गल्लीभर मोटरींची घरघर सुरू होते आणि त्यानंतरची सगळी वेळ तिथून मोजली जाते. नळ आल्यावर अर्ध्या तासाने दूधवाला आला, नळ जाताना मावशी आली, अशी. म्हणजे काकांनी ज्यासाठी अर्ज केला ती गोष्ट माझी आई स्वयंपाकघरात उभी राहून वर्षानुवर्षं करत होती. पेटंट तर जाणारच, वर ते आईने घालवलं असं होणार.

दोन-तीन दिवसांनी सकाळी नळ आले. शेजारच्या घरातून ओरडा आला, आई कळशा घेऊन धावली, मी पाइप जोडायला गेले. पहिली मोटर सुरू झाली, मग समोरची, मग बऱ्याच वेळाने वरच्या काकूंची. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. मुद्दाम जास्त काही बोलले नाही.

“आई, आज कुणाची टाकी जास्त रिकामी असेल गं?”

“मला काय माहीत? मी काय लोकांच्या गच्चीवर चढून बघते का? ती बादली सरकव आधी.”

मोटरी घरघरत होत्या. मी बादली सरकवली आणि तिथेच ओणवी राहिले.

आई खोटं बोलली नव्हती. रविवारी तिला खरंच वाटलं होतं की तिला पहिल्यापासून कळतं. मी उत्तर आधी सांगितलं होतं, आणि उत्तर हातात आल्यावर मागचं सगळं त्याच्याकडे बोट दाखवायला लागतं. माझंही तेच झालं होतं. मी काकांचा अर्ज वाचला, आणि मग दोन जुने कागद वाचले, तेव्हा ते एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होते. आमच्या परीक्षेत हे शिकवतात. शोध माहीत नसल्यासारखं बघा, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि मी त्याखाली रेघ मारलेली आहे. पण आधीच वाचलेला अर्ज न वाचल्यासारखं कसं व्हायचं, ते त्या पुस्तकात नाही.

मग मला असा कुणीतरी हवा होता ज्याने अर्ज वाचलेला नाही. असा माणूस दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो.

माझा मामा मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम करतो. सगळ्या जिल्ह्यातले टॉवर त्याला माहीत आहेत, आणि आमच्या घरात मात्र रेंज मिळत नाही म्हणून तो जिन्यात उभा राहून फोनवर बोलतो. त्या रविवारी तो जेवून हात पुसत होता. मी त्याला फक्त अडचण सांगितली. युक्ती सांगितली नाही.

“पावर वाढव,” मामा म्हणाला.

“सगळ्यांचीच वाढेल ना मग. सगळे आणखी मोठ्याने ओरडतील.”

“मंग अँटेना वर घे.”

“तरी तेच.”

“मंग प्रत्येकाला फ्रिक्वेन्सी अलग दे.”

“तेवढ्या वापरायला मिळत नाहीत.”

“मंग थोडं थोडं थांबून बोलू दे की. रँडम. कुणी आधी, कुणी नंतर.” हा तंतोतंत पहिला कागद होता. मामाने पुढे बोट उगारून सांगितलं, “हे बघ पोरी, लाइट सगळ्यांना एकदम येती, हीच असली बीमारी. ती एकदम आलीच नाय पायजे. ते आधी मोडून काढ.”

मी त्याला दुसऱ्या कागदातली हाक मारण्याची पद्धत सांगितली.

“मंग मारू दे की हाक! सगळे जागे झाले, गडबड संपली, की मुख्य पेटी म्हणंल, चला, आता बोला. एक रेडिओ जास्तीचा लागंल. लावू की.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. चौकड्यांचा शर्ट. खिशाला दोन पेनं. विचार करताना कपाळावर पडलेली एक आठी. इतके महिने डोक्यात फिरणारा माणूस समोर बसून बडीशेप खात होता.

“काय बघायली?”

“काही नाही मामा.”

मग मी त्याला काकांची युक्ती सांगितली. हाक मारायचीच नाही. लाइट येणं हीच हाक. मामाचा हात बडीशेपेच्या डबीवर थांबला. अगदी थोडा वेळ.

“हात्तिच्या! त्यात काय एवढं! हे तर कुणीबी सांगंल!”

“मी तर तिला आधीच सांगितलं होतं,” आई आतून म्हणाली.

सोमवारी मी पडेगावला गेले. काकांच्या अर्जात हक्क म्हणून मागितलेल्या गोष्टींची मोठी रांग होती. पेटी त्यांची, पातळी मोजणं त्यांचं, रेडिओ त्यांचा, मोबाइलवर मेसेज येणं त्यांचं, पेटीचा हिरवा रंगसुद्धा त्यांचा. शेडमध्ये पत्र्याखाली उकडत होतं. मी सांगितलं की हे सगळं सोडायचं आणि एकच ठेवायचं. लाइट येण्याचा क्षण, आणि तिथून मोजलेलं गप्प बसणं.

“एवढंच?” काका दुखावले. “मग मी केलं काय, मॅडम? एवढुसं?”

“तेवढंच तुमचं आहे, काका. बाकीचं सगळ्यांचं आहे.”

मी इतकं सरळ बोलेन असं मला वाटलं नव्हतं. काका उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले. शेडमागे तीन-चार उंच लोखंडी खांब होते, त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले होते.

“हे कशाचे?”

“ते होय? अँटेना वर घेतलेली आधी. नाय झालं. मग ते रँडमचं केलं. त्यानं कधी पेटी आधी बोलायची, कधी मोटर जळल्यावर बोलायची. दोन उन्हाळे गेले त्यात.” त्यांनी हात झटकला. “ते काय अर्जात लिहायचं असतं का? लोक म्हणतील, याला येत नव्हतं.”

मला तिथे उभ्या उभ्या मामा आठवला. काकाही आधी त्याच रस्त्याने गेले होते, एकेक पाऊल, आणि दोन उन्हाळे त्या रस्त्याच्या शेवटी बसून राहिले होते. तिथून पुढचं पाऊल तेवढं त्यांचं. मी त्यांना हे माझ्या अडखळत्या मराठीत सांगितलं. त्यांनी कपड्यांच्या दोरीला हात लावला आणि म्हणाले, “बरं. हिरवा रंग काढा मग.” थोडं थांबून म्हणाले, “पण रंग चांगला होता.”

हिअरिंग व्हिडिओवर होतं. सर आतल्या खोलीत आपल्या हिअरिंगला बसले. मी बाहेरच्या टेबलापाशी, लॅपटॉपसमोर. काका माझ्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे. गप्प बसण्याचं वचन त्यांनी दिलं होतं, पण त्यांचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता आणि त्यामुळे माझ्या ग्लासातलं पाणी हलत होतं. खाली लग्नसराईची गर्दी होती.

कंट्रोलर चष्म्यावरून बघणारे, संथ बोलणारे गृहस्थ होते. आमचं सगळं इंग्रजीत चाललं होतं. इंग्रजीचं मला भय नाही, माझा आवाज दुसऱ्याला ऐकू जातो याचं आहे. सुरुवातीची पाठ केलेली वाक्यं मी इतक्या हळू म्हटली की त्यांनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. मग ते म्हणाले, “दोन्ही कागद समोर असताना हा फक्त एक पुढचा टप्पा नाही का?”

मी तोंड उघडलं आणि खाली कुणीतरी मोठं पातेलं वाजवलं. टण्ण! फरशी, टेबल, लॅपटॉप, सगळं थरथरलं.

“हे काय होतं?” कंट्रोलर दचकून म्हणाले.

“खाली भांड्यांचं दुकान आहे, सर. जाड पातेलं असावं.”

हे कशाला सांगितलं, ते मला माहीत नाही. पण ते हसले. काका हसू दाबत खोकले. आणि माझा आवाज, कुठे अडकला होता कुणास ठाऊक, तो सुटला.

मी सांगितलं, की पहिल्या कागदातल्या माणसाला लाइट येण्याचा क्षण शत्रूसारखा वाटतो. सगळे एकदम जागे होतात म्हणून तो तो क्षण विस्कटून टाकतो. दुसऱ्याला सगळ्यांचा मिळून एक क्षण हवाच असतो, म्हणून तो हाक मारतो. जाणकाराच्या हातात दोन्ही कागद दिले तर तो काय करेल? आधी विस्कटेल आणि मग वरून हाक मारेल. हाक त्याला फुकट येऊन मिळाली आहे हे त्याला दिसणार नाही, कारण तो तीच मोडायला निघालाय. बोलताना माझ्यापुढे कंट्रोलर नव्हते, बडीशेप खाणारा मामा होता. त्याला सांगितल्यासारखंच सांगत गेले.

“पण अर्ज वाचल्यावर हे फार सोपं वाटतं,” ते म्हणाले.

“हो सर. मलाही वाटलं होतं. मी अर्ज आधी वाचला होता.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी थांबले. आमच्या बाजूने सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं, आणि आणखी काही जोडावं असं मला वाटलं नाही. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. हक्क एवढ्यापुरताच मागताय ना? मी काकांकडे बघितलं. त्यांनी हिरव्या रंगाचा शेवटचा विचार केला असावा. मग मान हलवली.

“एवढाच, सर.”

“लेखी पाठवा.”

लॅपटॉप मिटल्यावर काका म्हणाले, “झालं का? एवढ्यासाठी मी रात्रभर झोपलो नाय?” सर त्यांच्या हिअरिंगमधून बाहेर आले, माझा चेहरा बघितला आणि चहा सांगितला.

काही आठवड्यांनी पत्र आलं. पेटंट मंजूर, त्या एकाच हक्कासाठी. मी काकांना फोन केला. मेसेज केला नाही. पलीकडून इतका मोठा आवाज आला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. संध्याकाळी ते मोठा पुडा घेऊन जिना चढून आले. भाऊही बरोबर होते.

“पेढे एकदा झालेत,” काका म्हणाले, “म्हणून इमरती आणली. गावात परत पेढे वाटले असते तर लोक म्हणले असते, याला दोनदा काय मिळालं?”

पुढच्या शनिवारी मी सवयीने वेताच्या खुर्चीकडे गेले. सर आधीच तिच्यात बसले होते, पाय पसरून, हातात नवीन फाइल. लोखंडी खुर्ची फार ताठ आहे, पाठ टेकता येत नाही. तिच्यावर आता मी बसते. कधी कधी हरते.

मामाला पेटंटचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे माझं नाव पण टाकायला पायजे होतं. सगळं माझ्याच डोक्यातनं काढलं तू.” मी म्हटलं, खरंय मामा.

परवा सकाळी नळ आले. मी पाइप जोडत होते. आई दारात उभी होती, कळशी कमरेवर, मान थोडी तिरकी करून ऐकत. समोरची मोटर लगेच सुरू झाली. मग बराच वेळ गेला. मग वरच्या काकूंची.

“समोरच्यांची टाकी आज पार कोरडी आहे,” आई म्हणाली. “आणि वरच्यांकडे भरपूर आहे.”

मी तिच्याकडे बघितलं.

“काय बघतेस? मला पहिल्यापासून कळतं.”

मी वेताच्या खुर्चीत असते तर वाद घातला असता. मी बादली सरकवली.